खिडकीसमोरचे मणी

९ जानेवारी

डायरी लिहायची मला सवय नाही. पण हे यंत्र एकदा चाललं की जो तो सांगत सुटणार, मीही होतो बरं का. तेव्हा कोण कुठे होतं ते इथे लिहून ठेवतो.

जुन्या कंपनीतल्या साहेबांपासून सुरुवात करतो. माझा आराखडा टेबलावरून परत सरकवत ते म्हणाले होते, "हे कारखान्यात करायचं काम आहे, स्वयंपाकघरात नाही." सगळी मीटिंग हसली. मीही हसलो, आणि तेच जास्त लागलं. पुढे वर्ष उलटायच्या आत कंपनीने मला नारळ दिला. कारण सांगितलं मंदीचं.

आता मी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, मोडकी स्टुलं ठेवायच्या खोलीत बसतो. ही खोली मिळाली बायकोच्या शब्दावर. वरच्या मजल्यावर ती पेशी वाढवायच्या विभागाची प्रमुख. खाली मी, मॅडमचे मिस्टर. वॉचमनसुद्धा मला याच नावाने ओळखतो.

यंत्र म्हणजे बायोरिअ‍ॅक्टर. सोप्या भाषेत, पेशी जिवंत ठेवून त्यांची वाढ करायचं भांडं. बाजारातलं घ्यायचं तर हॉस्पिटलला एक वॉर्ड विकावा लागेल. आतल्या पेशी कॅमेऱ्यातून दिसायला हव्या असतील तर दुसराही. माझं भांडं स्टीलच्या डब्याचं आहे. बाहेरून ऊब देणारी पट्टी गुंडाळलेली, आत ढवळणी, आणि बाजूला नाण्याएवढी काचेची खिडकी. खिडकीला एक भिंग आणि फोनमधून काढलेला कॅमेरा. पेशी वाढतात मण्यांवर. मणी म्हणजे वाळूसारखे बारीक. ढवळणीने ते तरंगत राहायचे आणि खिडकीसमोरून जाताना पडद्यावर दिसायचे. झाकण उघडायची गरज नाही. नमुना काढायला असते ती नळीसुद्धा मी ठेवलेली नाही. नळी म्हणजे खर्च, आणि वर जंतूंना आयता दरवाजा.

सासरे आमच्याकडेच राहतात. ते याला कुकर म्हणतात. "जावईबापू, शिट्ट्या किती?" हा विनोद ते रोज करतात आणि रोज स्वतःच हसतात.

१४ जानेवारी

भाजलेल्यांच्या वॉर्डच्या सर्जनबाई स्वतः जिना उतरून माझ्या खोलीत आल्या. स्टूल पुसून दिलं तर बसल्यासुद्धा.

एक मुलगी आलीय. बेकरीत कामाला होती, भट्टीचा गॅस भडकला. पाठ पूर्ण भाजलीय, पायही, आणि दोन्ही हात, कोपरापर्यंत. अंगावर धड कातडी उरलीय ती थोडीच, त्यातली बरीच सर्जनबाईंनी पायांवर वापरलीय. आता एक छोटा तुकडा काढतील, टिकलीएवढा, आणि त्यातल्या पेशी वाढवून नवी त्वचा करायची. आधी मण्यांवर वाढवायच्या, मग मण्यांवरून उतरवून सपाट पसरायच्या. पापुद्रा धरला की तो जखमेवर. परवानग्या सगळ्या आल्यात.

"तुमच्या मिसेसच्या सपाट बाटल्यांत पाठीएवढी त्वचा व्हायला फार वेळ लागेल," सर्जनबाई म्हणाल्या, "आणि पाठ तेवढे दिवस उघडी ठेवायची मला भीती वाटते. तुमचं यंत्र लवकर करेल म्हणता ना?"

करेल, मी म्हटलं.

"किती कशात घालायचं ते तुम्ही दोघं ठरवा," असं म्हणून त्या गेल्या. जाताना खिडकीवरून हलकेच बोट फिरवलं. साहेबांनी कधी आराखड्याला हात लावला नव्हता.

१६ जानेवारी

घरात तणाव. ही म्हणते अर्धं तिच्या बाटल्यांत, अर्धं यंत्रात. "एका ठिकाणी बिघडलं तर दुसरीकडे राहील. आम्ही कायम असंच करतो."

मी म्हटलं, टिकलीएवढ्या तुकड्याचे दोन भाग केले तर दोन्हीकडे अपुरं पडेल. यंत्राला सुरुवातीला भरपूर पेशी लागतात, नाहीतर मणी ओकेबोके राहतात. हे शास्त्र आहे, माझा हट्ट नाही.

ती म्हणाली, "तू उंदराच्या पेशींवर दोनदा चालवलंस. दोनदाच."

मग मीही बोललो. तुझ्या बाटल्या राहिल्या तर उद्या यश कुणाचं म्हणतील? मॅडमचं. मी खालचा. तू कधी माझ्यावर पूर्ण विश्वास टाकलास का, एकदा तरी? मी जेवलो नाही. सासरे ताटाकडे बघत बसले, मग उठून आपल्या खोलीत गेले.

झोपायच्या आधी ती म्हणाली, "ठीक आहे. सगळं तुझ्यात घालू." आवाज थकलेला होता. तिला हरायची सवय नाही.

१८ जानेवारी

तुकडा आला. हिने पेशी सुट्या केल्या आणि मी भांड्यात सोडल्या. हात थरथरला नाही, हे मुद्दाम नोंदवतो. नंतर ती बराच वेळ वर तिच्या खोलीतच होती, आवराआवर करत. मी म्हटलं, चल, पडद्यावर बघ तरी. आली, बघितलं, छान आहे म्हणाली. एवढंच. शेजारणीच्या पडद्यांनाही लोक यापेक्षा जास्त कौतुकाने छान म्हणतात.

२० जानेवारी

चित्र फार घाण येतंय. मणी खिडकीसमोरून सूं करून जातात, पडद्यावर नुसत्या रेघा. पेशी कुठे आहे आणि डाग कुठे, काही कळत नाही. सर्जनबाई उद्या परवानगी देणाऱ्या कमिटीतल्या दोघांना घेऊन येणार आहेत. त्यांना काय रेघा दाखवू?

भारी कॅमेरा घ्यायची ऐपत नाही. प्रकाश वाढवावा तर पेशींना त्रास. मग सुचलं, इतकं साधं की स्वतःवरच खूश झालो. ढवळणी हळू केली. आणखी हळू. आणि काय चित्र आलं. एकेक मणी डुलत येतो, त्यावर चिकटलेल्या पेशी, चकचकीत कडा, एक तर डोळ्यांदेखत दुभंगली आणि एकाच्या दोन झाल्या. मी खोलीत एकटा होतो आणि मला रडू आलं. लिहायला लाज वाटत नाही.

हिला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, "हळू केल्यावर सगळे मणी तरंगतायत ना?" मी म्हटलं, दिसतायत म्हणजे तरंगतायतच की. कौतुकाऐवजी शंका, ही हिची जुनी खोड.

२१ जानेवारी

कमिटीवाले अवाक झाले. त्यातले एक म्हणाले, इतकं स्पष्ट चित्र त्यांनी महागड्या यंत्रातही पाहिलं नाही. ऐकताय ना साहेब?

२४ जानेवारी

यंत्राचं चित्र घरच्या कॉम्प्युटरवरही दिसेल अशी सोय केली. सासऱ्यांनी टीव्ही सोडला. सकाळी चहा घेऊन जे बसतात ते दुपारपर्यंत. "आज गर्दी कमी आहे," "हा बघ, हा लठ्ठ," असं धावतं वर्णन चालू असतं. एका मण्याला एका बाजूला पेशीच नाहीत, त्याचं नाव त्यांनी टकलू ठेवलंय.

जेवताना म्हणाले, "टकलू आज चारपाचदा येऊन गेला. फेरी मारतो नेमाने."

मी हसलो. ही हसली नाही. हातातला घास तसाच ठेवून तिने विचारलं, "बाबा, तोच कशावरून?"

"अगं, कानावर खाच आहे त्याच्या. न ओळखायला काय झालं?"

मग ती माझ्याकडे वळली. "आत मणी किती आहेत?"

"लाखांत," मी म्हटलं.

ती घास न घेताच ताट उचलून उठली. म्हाताऱ्या माणसाच्या गमतीवर इतकं गंभीर व्हायचं कारण मला तरी कळलं नाही. त्यांना चष्मा लावूनही पेपर धड वाचता येत नाही.

२७ जानेवारी

आज कडाक्याचं भांडण झालं. वरच्या जाळीच्या तोटीतून जुनं पाणी काढून नवं घालायची वेळ होती; तिच्यातून मणी बाहेर येत नाहीत. पेशींचं हे पाणी लाल असतं, वापरलं गेलं की पिवळसर होतं. आज निघालं ते चांगलंच पिवळं. मी म्हटलं, भूक लागलीय पोरांना, झपाट्याने वाढतायत. हिने बाटली उजेडात धरली आणि म्हणाली, "उघड."

"काय?"

"झाकण उघड. तळातलं थोडं काढून बघू दे मला."

मी नाही म्हटलं. झाकण उघडलं की बाहेरचे जंतू आत, मग सगळंच संपलं. आणि यंत्राचा सगळा मुद्दाच हा की उघडावं लागत नाही. पडद्यावर जिवंत पेशी समोर दिसतायत, आणखी काय पुरावा हवा?

"तुला खिडकीसमोरचं दिसतंय," ती म्हणाली. "तळाशी काय आहे ते कुठे दिसतंय?"

मग माझा तोल गेला. बोललो ते सगळं लिहीत नाही. एवढं बोललो की माझं यंत्र चाललं तर तुझ्या बाटल्यांना कुणी विचारणार नाही, ते तुझ्या पोटात दुखतंय. ती बाटली ठेवून वर गेली. वाद घालता येत नाही तेव्हा ती अशी मिठाची गुळणी धरून बसते.

मी मात्र सावध आहे. खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली.

२९ जानेवारी

वॉर्डात गेलो होतो. सर्जनबाईंनीच बोलावलं, मुलगी फार खचलीय म्हणाल्या.

पालथी झोपलेली. तोंड एका बाजूला, हात दोन गाठोड्यांसारखे बांधलेले. वडील शेजारी बसून तिला वाटीतलं चमच्याने भरवत होते. अबोल माणूस. मी फोनवर यंत्राचं चित्र लावून तिच्या डोळ्यांसमोर धरलं.

"ही मी?" तिने विचारलं.

"तूच. तुझी कातडी."

ती बघत राहिली. म्हणाली, "बरी दिसते की मी." मग, "पाठ किती दिवसांत? पाठीवर पडून छताकडे बघायचंय मला. ही फरशी पाठ झालीय." वडील हसले. पहिल्यांदाच हसताना पाहिले त्यांना.

मी सांगितलं, पाठही होईल आणि हातही, दोन्ही. वडिलांनी वाटी खाली ठेवून माझे हात धरले. बाहेर आलो तेव्हा वाटलं, आयुष्यात आपण एक काम चोख केलं.

२ फेब्रुवारी

उघडलं.

मणी बाहेर काढून पेशी उतरवायचा आजचा दिवस. ही आली, मास्क लावून. मी झाकण काढलं. वास आला. मी म्हटलं पट्टी तापली असेल. पाणी ओतून घेतलं, त्यात मणी अगदी विरळ, बोटावर मोजावेत तसे. मग भांडं तिरकं केलं. तळाशी राखाडी गाळ बसला होता, बोटभर जाड. मणी एकावर एक चिकटून गठ्ठा झालेला. हिने त्यातलं थोडं काचपट्टीवर घेतलं, निळा रंग टाकला. मेलेल्या पेशी तो रंग पिऊन निळ्या होतात. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं निळं होतं.

"ढवळणी हळू केलीस तेव्हाच बसले," ती म्हणाली. "खाली दबले, हवा मिळाली नाही. जे हलके होते तेवढे वर फिरत राहिले."

म्हणजे इतके दिवस आम्ही त्याच मूठभर मण्यांची मिरवणूक बघत होतो.

मी खाली बसलो, फरशीवरच. ती भांडं धुवायला घेऊन गेली. खरं सांगायचं तर तिने तेव्हा मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

३ फेब्रुवारी

सकाळी तिने मला वर बोलावलं. तिच्या खोलीत, उबेच्या कपाटात, सगळ्यात मागे, तीन सपाट बाटल्या. त्यांवर मुलीचा नंबर. आत पेशी, काठोकाठ, जिवंत.

"पहिल्या दिवशीच बाजूला ठेवल्या," ती म्हणाली.

मला आधी काय वाटलं ते लिहितो, कारण इथे खोटं लिहायचं नाही असं ठरलंय. मला राग आला. सगळं तुझ्यात घालू म्हणाली होती आणि पाठीमागून हे. म्हणजे विश्वास नव्हताच. मी तसं बोललोही.

"नव्हता," ती म्हणाली. "अर्धं ठेवायला हवं होतं मी. तुझ्या तोंडाकडे बघून चिमूटभर ठेवलं."

"मग आता?"

"हातांपुरती होईल. पाठीला नाही पुरणार."

पाठीचं पुन्हा पहिल्यापासून. पण मुलीच्या अंगात दुसरा तुकडा द्यायची ताकद येईपर्यंत थांबावं लागेल. तोवर पाठ उघडीच. सर्जनबाईंना याचीच भीती होती.

११ फेब्रुवारी

हातांवर त्वचा लावली. धरली. सर्जनबाई वॉर्डातून तडक खाली आल्या आणि सगळ्यांसमोर माझ्याशी हात मिळवला. "पाठीपुरती झाली नाही, पण पहिल्या खेपेला एवढं म्हणजे खूप झालं. तुमच्या यंत्राने हात वाचवले."

ही शेजारीच उभी होती. मला वाटलं ती बोलेल. काही बोलली नाही.

जिन्यात मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तू सांगायचं. मी सांगणार नाही." आणि पुढे गेली. ही कसली शिक्षा देतेय मला? दोन शब्द तिने टाकले असते तर विषय संपला असता. नाहीतरी पहिल्या दिवशी तिने जरा मोठ्याने भांडायला हवं होतं. इतकी खात्री होती तर ऐकलं कशाला माझं?

१३ फेब्रुवारी

साहेबांचा फोन. कमिटीतल्या कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. "ऐकलं बरं का. मानलं तुम्हाला." कंपनीत येऊन भेटा म्हणाले, यंत्र कारखान्यात बनवायचं बघू. मी "बघतो, सवडीने" म्हटलं. मुद्दाम. फोन ठेवल्यावर खोलीत तीन चकरा मारल्या.

सर्जनबाईंना सोमवारी सांगीन. मधे सुट्टी आहे, आणि असल्या गोष्टी फोनवर नीट बोलता येत नाहीत.

१६ फेब्रुवारी

सोमवार गेला. सर्जनबाई शस्त्रक्रियेत होत्या. म्हणजे सकाळी होत्या, दुपारी मोकळ्या होत्या. यंत्रात मी नवी ढवळणी बसवली, तळापासून उचलणारी. नमुन्याची नळीही बसवली. यंत्र आता खरंच चांगलं आहे. मग जुनं उकरून कुणाचं भलं होणार, असा एक विचार येतो. तो वाईट आहे असंही वाटतं. घरी ही माझ्याशी बोलते, पण दूध संपलंय, बिल भरलं का, असं. सासऱ्यांनी कॉम्प्युटर बंद ठेवलाय. कुकर उतरवला का, एवढंच त्यांनी एकदा विचारलं.

१८ फेब्रुवारी

आज सर्जनबाईंनी दोघांना एकत्र बोलावलं. दुसरा रुग्ण आलाय, म्हातारे गृहस्थ, पाय भाजलेले. "या वेळी विचारायचंच नाही," त्या हिला म्हणाल्या, "सगळं यंत्रात घाला. बाटल्यांत वेळ घालवू नका."

हिने माझ्याकडे बघितलं नाही. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. मला तिच्या मानेवरची शीर दिसत होती.

मी सांगितलं. यंत्रातल्या पेशी सगळ्या मेल्या, हातांवरची त्वचा हिच्या बाटल्यांतली आहे, चित्र स्पष्ट यावं म्हणून मी ढवळणी हळू केली होती आणि ही उघड म्हणत असताना मी उघडलं नाही. एका दमात बोलून टाकलं. संपलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, जरा अभिमानही वाटला. किती लोक असं सांगतात?

सर्जनबाईंनी समोरचे कागद बाजूला सरकवले. मग म्हणाल्या, "त्या मुलीला कालपासून ताप आहे. पाठीतून जंतू गेलेत रक्तात." आणि नंतर, "वडिलांना तुम्ही सांगा. मला जमणार नाही."

वडील वॉर्डाच्या बाहेर बाकावर होते, मांडीवर मुलीचा धुतलेला टॉवेल. आत जाऊ देत नव्हते त्यांना. मी शेजारी बसलो. जिन्यात वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. तरी सांगितलं, सर्जनबाईंना सांगितलं तसंच, फक्त सावकाश. यंत्र नवं होतं, त्यात पेशी नाही जगल्या. हातांची त्वचा मात्र माझ्या बायकोने वेगळी केली होती, जुन्या पद्धतीने, म्हणून ती मिळाली.

ते सगळं नीट ऐकत होते. ते चिडतील याची मी तयारी केली होती. रडले तर काय करायचं हेही ठरवलं होतं. त्यांनी टॉवेलची घडी उलगडली, परत घातली आणि साध्या आवाजात विचारलं, "मग सगळीच मॅडमकडे का नाही दिलीत?"

मी म्हटलं, "चित्र फार छान येत होतं."

त्यांना वाटलं मी अजून पुढे काही सांगणार आहे, म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले.